पटावरचा प्रशांत महासागर

युद्धातील एखादा प्रसंग नकाशा, सोंगट्या, नियम आणि फासे यांच्या साहाय्याने दोन बाजूंनी पुन्हा खेळून पाहण्याच्या पद्धतीला युद्धखेळ किंवा वॉरगेम म्हणतात. बुद्धिबळात सगळा पट दोघांनाही दिसतो आणि घोड्याने प्यादे मारले की ते मेलेच. युद्धखेळात मात्र शत्रू कोठे आहे हे बहुधा ठाऊक नसते आणि केलेला हल्ला लागू पडला की वाया गेला, हे दान पडेपर्यंत कळत नाही. त्यामुळे या खेळाचे नाते बुद्धिबळापेक्षा सारीपाटाशी अधिक जवळचे आहे, आणि छत्रपती संभाजीनगरच्या वाचकाला सारीपाट शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. वेरूळच्या रामेश्वर लेण्यात, म्हणजे एकविसाव्या क्रमांकाच्या लेण्यात, शिव-पार्वती फासे घेऊन बसले आहेत आणि त्यांच्या पायाखालच्या पट्टीत गण नंदीची छेड काढत आहेत. एकोणतिसाव्या धुमार लेण्यातील शिल्पात पार्वती डावावरून उठण्याच्या बेतात असून शिव तिला थांबवून आणखी एक डाव मागतो आहे, असा अर्थ सामान्यतः लावला जातो. पडलेले दान मानायचे की डाव पुन्हा मांडायचा, हा त्या शिल्पातला पेच प्रशांत महासागराच्या युद्धखेळांतही वारंवार उभा राहिला आणि एकदा तर तो प्रत्यक्ष युद्धाच्या उंबरठ्यावर उभा राहिला.

या खेळांचा पाया अमेरिकेतील न्यूपोर्ट येथे, १८८४ साली स्थापन झालेल्या नौदल युद्ध महाविद्यालयात घातला गेला. प्रशियाच्या सैन्यातील नकाशावरचे युद्धखेळ विल्यम मॅकार्टी लिटल या अधिकाऱ्याने तेथे रुजवले आणि १९१९ ते १९४१ या काळात तीनशेहून अधिक डाव खेळले गेले, ज्यांपैकी मोठ्या मोहिमांच्या डावांत प्रतिपक्ष बहुतेक वेळा जपानच असे. अमेरिकेला निळा, जपानला नारिंगी आणि ब्रिटनला तांबडा असे सांकेतिक रंग दिलेले होते. फरशीवर चौकटी आखून तिलाच समुद्र मानले जाई, धातूची चिमुकली जहाजे हाताने पुढे सरकवली जात, दोन्ही पक्षांच्या मध्ये पडदे असत आणि लढाईच्या डावातील प्रत्येक चाल तीन मिनिटांच्या काळाची धरली जाई. तोफ किती अंतरावरून किती नुकसान करते याचे तक्ते पंचांच्या हाती असत. सुरुवातीच्या डावांत निळा ताफा थेट फिलिपाइन्सकडे निघे आणि इंधन, दुरुस्ती व तळ यांच्या अभावी वाटेतच खिळखिळा होई. हे पुनःपुन्हा घडल्यावर बेटामागून बेट घेत, तळ उभारत पुढे सरकण्याची कल्पना हळूहळू पक्की होत गेली.

न्यूपोर्टच्या फरशीवरून केवळ निष्कर्ष नव्हे, तर नव्या पद्धतीही बाहेर पडल्या. १९२२–२३ मध्ये तेथे शिकत असलेले चेस्टर निमित्झ आणि रॉस्को मॅकफॉल यांनी मोठ्या जहाजांभोवती संरक्षक जहाजांचे कडे करणारी वर्तुळाकार रचना पटावर तपासली, तर जोसेफ रीव्ह्ज यांनी याच खेळांतून असा धडा घेतला की विमानवाहू नौकेचे बळ एका वेळी किती विमाने उडवता येतात यावर ठरते. पुढे लँग्ली या पहिल्या अमेरिकी विमानवाहू नौकेचा वापर त्यांच्या हाती आला, तेव्हा तिच्यावरील विमानांची संख्या त्यांनी डझनभरावरून चाळीसच्या आसपास नेली. युद्धानंतर निमित्झ यांनी नमूद केले की कामिकाझे, म्हणजे वैमानिकासह विमानच जहाजावर आदळवण्याचे हल्ले, सोडले तर युद्धातील कोणतीही गोष्ट या खेळांमुळे अनपेक्षित राहिली नाही. हीच परंपरा पुढे इतर देशांच्या नौदलांनीही जोपासली. भारतीय नौदलाचे युद्ध महाविद्यालय आज गोव्यात आहे आणि तेथील नव्या इमारतीचे, चोलांचे नाव देऊन, ५ मार्च २०२४ रोजी उद्घाटन झाले.

जपानी बाजूचा सर्वात चर्चिला गेलेला डाव मे १९४२ च्या प्रारंभी यामातो या युद्धनौकेवर मांडला गेला, आणि त्याची पार्श्वभूमी भारताच्या किनाऱ्याशी जोडलेली होती. महिनाभर आधी जपानी नौसेनापती नागुमो यांच्या विमानवाहू नौकांनी ५ एप्रिल रोजी कोलंबोवर आणि ९ एप्रिल रोजी त्रिंकोमालीवर हल्ले केले व हर्मिस ही ब्रिटिश विमानवाहू नौका बुडवली. दरम्यान ६ एप्रिलला दुसऱ्या जपानी ताफ्याच्या विमानांनी विशाखापट्टणम आणि काकीनाड्यावर बाँब टाकले. या यशाच्या भरात मिडवे बेटावरील चढाई पटावर खेळली जात असताना, बेटावरून उडालेल्या अमेरिकी विमानांच्या हल्ल्याचा निकाल ठरवण्यासाठी ओकुमिया या अधिकाऱ्याने फासे टाकले आणि दान पडले नऊ बाँबांचे. अकागी आणि कागा या दोन नौका बुडाल्या. पंचप्रमुख उगाकी यांनी नऊचे तीन केले, अकागीला किरकोळ नुकसान ठरवले आणि बुडालेली कागाही पुढच्या मोहिमेच्या डावात पुन्हा पाण्यावर आणली. ४ जून १९४२ च्या लढाईत या दोघींसह सोर्यू आणि हिर्यू याही नौका गमावल्या गेल्या, आणि हे वृत्त नंतर फुचिदा व ओकुमिया यांच्या पुस्तकातून जगासमोर आल्यावर उगाकी यांचा निर्णय जपानी अहंकाराचे प्रतीक ठरला.

हा ठपका जसाच्या तसा स्वीकारणे मात्र अन्यायाचे होईल. उंचावरून सपाट उड्डाणात टाकलेले बाँब चालत्या जहाजावर क्वचितच पडतात आणि ४ जूनला मिडवेहून आलेल्या बी-१७ विमानांचा एकही बाँब जपानी जहाजाला लागला नाही, म्हणजे नऊचे तीन करण्यामागे तांत्रिक आधार होता. चूक वेगळ्या ठिकाणी होती. ९ एप्रिलला श्रीलंकेहून उडालेली नऊ ब्रिटिश ब्लेनहाइम विमाने कोणाच्याही नजरेस न पडता थेट अकागीच्या माथ्यावर पोहोचली होती. बाँब समुद्रात पडले म्हणून नौका वाचली. यामातोवरील पटापुढे विचारायला हवा होता तो प्रश्न ‘किती बाँब लागले’ हा नव्हता, तर ‘विमाने इतक्या जवळ आलीच कशी’ हा होता, आणि दान बदलल्यामुळे तो विचारण्याचे निमित्तच नाहीसे झाले.

नौदलांच्या दालनातून हा खेळ घरातल्या टेबलावर आला तो अमेरिकेतील अ‍ॅव्हलॉन हिल या प्रकाशनसंस्थेमुळे. तिच्या १९६४ च्या ‘मिडवे’ खेळासाठी ४ जूनला एंटरप्राइझ या अमेरिकी विमानवाहू नौकेवरील बाँबफेकी विमानांचे नेतृत्व करणारे वेड मॅक्लस्की यांचा सल्ला घेतला गेला होता. दोन्ही खेळाडू आपापल्या पडद्याआड शोधफलक ठेवत आणि समुद्राचे एकेक क्षेत्र पुकारत प्रतिपक्षाची जहाजे हुडकत. शोध हाच लढाईचा अर्धा भाग असतो हे त्यातून सामान्य घरातही कळू लागले. १९७७ च्या ‘व्हिक्टरी इन द पॅसिफिक’मध्ये याउलट सगळा महासागर मोजक्या क्षेत्रांत बसवला होता आणि जहाजाच्या तोफबळाइतके फासे टाकून सहा पडला की नेम लागला, असा सुटसुटीत हिशेब होता. मार्क हर्मन यांच्या १९८५ च्या ‘पॅसिफिक वॉर’ने त्याच युद्धाचा अवाढव्य पट मांडला, तर त्यांच्याच २००५ च्या ‘एम्पायर ऑफ द सन’मध्ये पत्त्यांनी मोहिमा चालतात आणि अमेरिकेची राजकीय इच्छाशक्ती मोजणारी एक पट्टीही असते, म्हणजे जपानच्या बाजूने बसलेल्या खेळाडूला केवळ जहाजे बुडवून नव्हे, तर समोरच्याचा धीर खचवूनही जिंकता येते.

तरीही या विषयाचा गाभा ज्यात सर्वात स्पष्ट दिसतो तो क्रेग टेलर यांचा १९७७ चा ‘फ्लॅट टॉप’ होय. कोरल समुद्र आणि सॉलोमन बेटांच्या परिसरातील लढाया येथे तासातासाने खेळल्या जातात, आणि प्रत्येक विमानवाहू नौकेच्या तक्त्यावर तीन चौकटी असतात: नुकतीच उतरलेली विमाने, तयार होत असलेली विमाने आणि तयार विमाने. पुठ्ठ्याची सोंगटी एका चौकटीतून दुसरीत जायला वेळ लागतो, बाँब किंवा टॉर्पेडो बदलायचा तर आणखी वेळ लागतो, आणि मिडवेच्या सकाळी नागुमो यांना जे अवघड गेले ते खेळाडूच्या हाताला एका सोंगटीच्या वजनाने जाणवते. त्यातच शोधविमानाची खबर पुरी असेलच असे नाही. नियमांनुसार ती अपुऱ्या तपशिलात मिळते आणि कधी जहाजांचा प्रकारही चुकीचा कळतो. प्रत्यक्ष युद्धातही असेच घडले होते: ७ मे १९४२ रोजी एका जपानी टेहळणी विमानाने निओशो या तेलवाहू जहाजाची नोंद विमानवाहू नौका म्हणून केली, जपानी नौकांनी आपली हल्ल्याची विमाने त्या दिशेने पाठवली आणि तिच्या सोबतची सिम्स ही विनाशिका बुडाली. ज्या अमेरिकी विमानवाहू नौकांचा शोध चालला होता, त्या दुसरीकडेच होत्या.