उपनगराचे दप्तर कोणाकडे?

गावाचा इतिहास शोधायचा तर आधी मामलेदार कचेरीचे दार ठोठावायचे, ही आपल्याकडची जुनी रीत. मुंबईच्या उपनगरांत मात्र हे दारच पुन्हा पुन्हा बदलत गेले. १८८२च्या गॅझेटियरमध्ये अंधेरी, पार्ले, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली ही सगळी गावे ठाणे जिल्ह्याच्या साष्टी तालुक्यात सापडतात. १९२० साली साष्टीचा दक्षिण भाग काढून मुंबई उपनगर जिल्हा केला गेला. पार्ले-अंधेरी आणि घाटकोपर-किरोळ यांना स्वतःच्या नगरपालिका होत्या. १९५० साली अंधेरी-घाटकोपरचा पट्टा बृहन्मुंबई महापालिकेत आला आणि १९५७ साली बोरिवली-मुलुंडही आले. हद्द सरकली की कागद एका कचेरीतून दुसरीकडे जातात. सगळेच पोहोचतात असे नाही, आणि जे पोहोचतात त्यांत सातबारा असतो, गटाराचा आराखडा असतो. वसंत व्याख्यानमालेला कोण आले होते, पहिल्या हस्तलिखित मासिकात कोणी लिहिले होते, याची नोंद सरकार कशाला ठेवील?

ती ठेवली वाचनालयांनी. बहुतेकदा नकळत.

पार्ल्याचेच उदाहरण घ्या. लोकमान्य गेले १९२० साली. १९२१ साली पार्ले टिळक विद्यालय उभे राहिले आणि १९२३ साली लोकमान्य सेवा संघ. गिरगावातून हवापालटाला यावे असे हे गाव या वर्षांत आपल्या संस्था उभ्या करत होते. संघाचे टिळक मंदिर आणि त्यातले श्री. वा. फाटक ग्रंथसंग्रहालय हे आजही पार्ल्याच्या मराठी वस्तीचे नाक आहे. १९३०च्या मिठाच्या सत्याग्रहात जमनालाल बजाज, किशोरलाल मश्रूवाला, स्वामी आनंद यांची विलेपार्ले छावणी याच गावात पडली होती. पु. ल. देशपांडे पार्ल्यात वाढले, याच विद्यालयात शिकले. थोरांचे असे धागे चरित्रांतून टिकतात. पण त्या काळी वर्गणी किती होती, कोणते पुस्तक किती रुपयांना आले, बायकांसाठी वेगळी वेळ कधी ठेवली गेली, हे सांगणारे साधन एकच: संस्थेची स्वतःची दप्तरे.

त्यांतले सर्वांत दुर्लक्षित दप्तर म्हणजे दाखलनोंद वही. दिनांक, लेखक, प्रकाशक, किंमत, खरेदी की देणगी, आणि शेवटी शेरा: ‘हरवले’, ‘जीर्ण’, ‘बाद’. वरवर ती हिशेबाची वही दिसते. पण वीस वर्षांच्या नोंदी सलग वाचल्या, तर कादंबऱ्यांना बाजूला सारून परीक्षेची मार्गदर्शके कधी शिरली, गुजराती पुस्तके कोणत्या वर्षापासून येऊ लागली, कोणत्या घराने आपला संग्रह दिला, म्हणजे बहुधा ते घर कधी मोडले, हे सगळे उलगडू लागते. घाटकोपर-मुलुंडसारख्या दुभाषी उपनगरांचा असा इतिहास अजून कोणी नीट लिहिलेला नाही, असे माझे मत आहे.

ही दृष्टी आपल्याकडे नवी नाही. १८९३ साली ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन करणारे वि. ल. भावे हेच ‘महाराष्ट्र सारस्वत’चे कर्ते. पोथ्या गोळा करणे आणि वाचनालय चालवणे ही त्यांच्या लेखी दोन कामे नव्हती. १८९८ साली सुरू झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाने पुढे १९४८ साली अ. का. प्रियोळकरांच्या नेतृत्वाखाली मराठी संशोधन मंडळच काढले. शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ १८०० पासूनच्या छापील पुस्तकांची मोजदाद करते. मात्र गणेशोत्सवाची स्मरणिका, निवडणुकीचे पत्रक, संस्थेचा वार्षिक अहवाल यांना अशा सूचीत जागा कुठली! ते ज्या उपनगरात छापले गेले, तिथल्या कपाटात राहिले तरच राहिले.

कपाटाचीही शाश्वती नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा तळमजल्यावरच्या कागदांचे काय होते ते उपनगरांनी पाहिले. ब्रिटनमधल्या नॉर्विचचे मध्यवर्ती ग्रंथालय १ ऑगस्ट १९९४ रोजी जळाले. त्यात एक लाखाहून अधिक पुस्तके गेली, स्थानिक इतिहासाच्या संग्रहाला जबर फटका बसला. तळघरातले अभिलेख भिजले, पण वाचले. आपल्याकडे आगीपेक्षा पुनर्विकासाची भीती मोठी. इमारत रिकामी करण्याची तारीख ठरते, आणि जुनी इतिवृत्ते रद्दीवाल्याच्या काट्यावर चढतात.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७चा. त्यानुसार अ, ब, क, ड वर्ग ठरतात, परिरक्षण अनुदान मिळते, तपासणी होते. तपासणीमुळे चालू वह्या नीट राहतात. जुन्या निमंत्रणपत्रिकांबद्दल मात्र कोणी विचारत नाही.

हे काम फार खर्चाचे नाही, चिकाटीचे आहे. स्कॅनर आणण्याआधी यादी करावी. यादीशिवाय काढलेली हजार छायाचित्रे म्हणजे संगणकातली रद्दीच. गंजणाऱ्या टाचण्या आणि रबरबँड काढावेत. फाटक्या पानाला चिकटपट्टी लावू नये, तिचा डिंक कागद पिवळा करतो. लॅमिनेशन तर त्याहून वाईट, कारण ते पुन्हा सोडवता येत नाही. आजीच्या काळच्या वेखंडाच्या पुरचुंड्या कसरीसाठी चालतील, पण खरा शत्रू दमट हवा आहे. भिंतीपासून वीतभर दूर असलेले कपाट निम्मी लढाई जिंकते. फोटोच्या पाठीवर माणसांची नावे मऊ पेन्सिलीने लिहावीत, आणि ती ओळखणारी पिढी हयात आहे तोवरच. स्कॅनच्या प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. आणखी एक पथ्य: कोणी कोणते पुस्तक नेले, याच्या नोंदी जपाव्यात, पण सरसकट इंटरनेटवर टाकू नयेत. वाचकाची आवड ही त्याची खासगी गोष्ट आहे.

तुमच्या माळ्यावर एखाद्या वाचनालयाचा जुना अहवाल, सभासदपत्र किंवा स्नेहसंमेलनाचा फोटो पडून असेल, तर दिवाळीच्या आवराआवरीत तो रद्दीत घालू नका. मागे तारीख आणि माहीत असलेली नावे लिहा, आणि जवळच्या वाचनालयाच्या कार्यवाहांकडे देऊन रीतसर पोच घ्या.