फिक्स्ड गिअर सायकल रोजच्या वापरासाठी

फिक्स्ड गिअर सायकलीत मागचं दातेरी चक्र हबला जखडलेलं असतं. चाक फिरतंय तोवर पेडल फिरणारच. पुण्यात बालेवाडीच्या वेलोड्रोमवर अशाच बिनब्रेकच्या सायकली धावतात. आळंदच्या बाजारातून वाट काढत कामावर जाणाऱ्याला मात्र पाय थांबवता आलेच पाहिजेत. त्यासाठी :

● हब पाहा : दोन्ही बाजूंना आटे असतील तर मोकळ्या बाजूला फ्रीव्हील (पाय थांबले तरी चाक फिरू देणारं चक्र) चढवा आणि चाक उलटं बसवा. आटे एकाच बाजूला असतील तर आधी चक्र जखडणारं लॉकरिंग काढा. त्याचे आटे उलटे असतात. ते घड्याळाच्या दिशेने सुटतं. मग जुनं चक्र काढून त्या जागी फ्रीव्हील चढवा. फ्रीव्हील बसवताना आट्यांना ग्रीस लावा.

● ब्रेक आधी : पायाने वेग आवरण्याची सोय आता जाते. पुढचा आणि मागचा, दोन्ही ब्रेक बसवल्याशिवाय सायकल रस्त्यावर आणू नका.

● दात किती? आपल्या साध्या काळ्या सायकलीला बहुधा पुढे ४४, मागे १८ दात असतात. २८ इंची चाकावर पेडलच्या एका फेऱ्यात ती सुमारे साडेपाच मीटर जाते. चढ किंवा ओझं असेल तर मागे २० दात घ्या. अंतर पाच मीटरच्या आत येतं, पण गुडघे वाचतात.

● चेन : मधोमध बोटाने दाबल्यावर साधारण १ सेंमी खाली-वर व्हावी. पुढचं-मागचं चक्र एका सरळ रेषेत हवं.

● पावसाळा : काळ्या मातीचा चिखल चेनमध्ये राहू देऊ नका. मडगार्ड लावा, चेन पुसून मगच तेल द्या.