जुनी बुलेट : तेल कमी झाले की खाली उतरले?

आपल्या अनेक व्यापारी व कारागीर बांधवांकडे बिडाच्या इंजिनाची जुनी बुलेट आजही आहे. महिनाभर उभी राहिली की डिपस्टिकवर तेल कमी दिसते आणि लगेच वरून तेल ओतले जाते. नुकसान इथेच होते.

या इंजिनात तेलाची टाकी क्रँककेसमध्येच वेगळ्या कप्प्यात असते. एक पंप तिथून बिगएंडला तेल देतो, दुसरा खाली साचलेले तेल परत टाकीत पाठवतो. गाडी उभी असताना झिजलेल्या पंपातून तेल झिरपून क्रँकच्या कप्प्यात उतरते. म्हणून इंजिन दोन-तीन मिनिटे चालवून बंद करावे, मगच पातळी पाहावी. जादा तेल झाले तर निळा धूर निघतो, ब्रीदरमधून तेल उडते.

रॉकरला तेल पोहोचते की नाही, हे पाहणे सोपे आहे. चालू इंजिनात रॉकरच्या तेलनळीचा बोल्ट किंचित सैल करावा. तेल पाझरले तर रॉकरला तेल पोहोचते आहे, पण एवढ्यावरून बिगएंडलाही तेल मिळते असे धरू नये. न पाझरल्यास इंजिन ताबडतोब बंद करावे. फिल्टरचे सील चुकीचे बसले किंवा गास्केटला लावलेले जादा सोल्युशन छिद्रात गेले, तर तेलाची वाट अडते. फिल्टर बदलल्यावर तर बिगएंडला तेल पोहोचते याची खात्री कराच. बिगएंड कोरडे फिरले की पूर्ण इंजिन उघडावे लागते, आणि तो खर्च तेलाच्या डब्याच्या कित्येक पट असतो.