डेटा सायन्स शिकताय? मग गडचिरोलीचा हा हिशेब वाचा!

आकड्यांनी माणसं वाचवता येतात का? येतात, आणि त्याचा पुरावा आपल्या गडचिरोलीत आहे.

डॉ. अभय बंग यांनी 1980च्या दशकात रोजगार हमी योजनेच्या मजुरीचं गणित मुळापासून तपासलं. मजुराला पोटाला किती लागतं, घरात खाणारी तोंडं किती, हे नव्याने मोजलं. पुढे दिवसाची 4 रुपयांची मजुरी 12 रुपये झाली.

1986 मध्ये डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेचं काम सुरू केलं. 1989 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा अभ्यास आला. दोन गावांतल्या 650 स्त्रिया तपासल्या, तर 92 टक्के जणींना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता. तोवर हे दुखणं फारसं कोणी मोजलंच नव्हतं.

मला सर्वांत आवडतं ते त्यांचं श्वास मोजायचं साधन. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. बाळाचे दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा, लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया! जेमतेम शिकलेली आरोग्यदूतही अचूक निदान करते.

1995 ते 98 या काळात ‘सर्च’ने 39 गावांत घरीच नवजात बाळांची काळजी घेतली. शेजारच्या 47 गावांशी तुलना केली, तेव्हा नवजात मृत्यू सुमारे 62 टक्क्यांनी घटलेले दिसले. आज देशभरातल्या ‘आशा’ आरोग्यसेविका याच वाटेने घरोघरी जातात.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या पोरापोरींनो, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र, डेटा सायन्स जरूर शिका. मोजण्यासारखं खूप काही आपल्याच गावात आहे.

#गडचिरोली #चंद्रपूर #डेटासायन्स