एक दचकला, सारे पळाले

नदीच्या कडेला उथळ पाण्यात बोटाएवढे मासे थव्याने फिरतात. हे तुम्ही पाहिले असेल. आपली सावली पाण्यावर पडली की काय होते? सारे मासे एकदम वळतात आणि दिसेनासे होतात.

जरा विचार करा. सावली तर कडेच्या दोन-चार माशांवरच पडली होती. मग बाकीच्यांना कसं कळलं? माशांत पाटील नाही, दवंडी पिटणारा नाही. मग हुकूम कोणी दिला?

हुकूम कोणीच दिला नाही. प्रत्येक मासा आपल्या शेजाऱ्यावर लक्ष ठेवून असतो. भीतीची बातमी शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे जाते. ती कशी जाते, ते पाहू.

डोळा आणि अंगावरची रेघ

माशाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्यामुळे त्याला दोन्हीकडचे शेजारी दिसतात. शिवाय त्याच्या अंगावर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत एक बारीक रेघ असते. बाजारातला रोहू मासा नीट बघा, ती रेघ दिसेल. या रेघेने माशाला पाण्याची हालचाल कळते. शेजारचा मासा जोराने वळला की पाणी ढवळते. तो धक्का याच्या अंगाला लागतो.

एक मासा दचकून वळला. शेजाऱ्याने ते पाहिले, तोही वळला. त्याला पाहून त्याचा शेजारी वळला. अशी ही भीतीची लाट थव्यातून धावते. वारा आला म्हणजे जोंधळ्याच्या शेतात लाट उठते ना, तशीच. ताटे आपल्या जागी उभी असतात. लाट मात्र या बांधापासून त्या बांधापर्यंत जाते. म्हणूनच भीतीची लाट माशाच्या पोहण्यापेक्षाही वेगाने जाते. शत्रू येऊन पोचण्याआधी पलीकडच्या टोकाचा मासा सावध होतो. त्याने शत्रू पाहिलेलाही नसतो!

कातड्यातला वास

बातमीची दुसरी वाट वासाची आहे. ती कार्ल फॉन फ्रिश या शास्त्रज्ञांनी शोधली. त्यांचा जन्म ऑस्ट्रिया देशातला. तिथल्या एका तळ्यात ते मिनो नावाचे लहान मासे पाहत असत. एकदा एक जखमी मासा थव्यात परत आला. थोड्याच वेळात सारा थवा घाबरून पळाला. जवळ शत्रू तर कोणीच नव्हता. मग हे घाबरले कशाला?

फ्रिश यांनी तपास केला. त्यांनी माशाचे कातडे बारीक करून पाण्यात कालवले. ते पाणी थव्याजवळ सोडले. थवा पुन्हा पळाला. तेव्हा उलगडा झाला. या माशांच्या कातड्यात एक द्रव्य असते. कातडे शाबूत आहे तोवर ते बाहेर येत नाही. शत्रूच्या दाताने कातडे फाटले की ते पाण्यात मिसळते. त्याचा वास आला की बाकीचे मासे समजतात, इथे धोका आहे. जखमी मासा ओरडत नाही, कोणाला मुद्दाम सांगत नाही. फाटलेले कातडेच सांगते.

हा शोध १९३८ साली प्रसिद्ध झाला. फ्रिश यांनी मधमाश्यांचाही मोठा अभ्यास केला. १९७३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपले रोहू, कटला, मृगळ हे मासे मिनोच्याच गणगोतातले आहेत.

पुढे शास्त्रज्ञांनी आणखी एक गंमत पाहिली. काचेच्या दोन टाक्या शेजारी शेजारी ठेवल्या. दोन्हींत मासे सोडले. वासाचे पाणी एकाच टाकीत घातले. त्या टाकीतले मासे घाबरले. त्यांना काचेतून पाहून दुसऱ्या टाकीतले मासेही घाबरले. वासाने बातमी सुरू केली, डोळ्यांनी ती पुढे नेली.

खोटी भीती

इथे एक अडचण येते. मासा पळाला की त्याचे चरणे थांबते. दर वेळी पळत सुटला, तर तो उपाशी राहील. कधीच पळाला नाही, तर कोणाच्या तरी पोटात जाईल. मग मध्यम मार्ग कसा काढावा?

अमेरिकेत केलेला एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. टाकीत माशांचा थवा होता. शत्रू मुळीच नव्हता. तरी मधूनच एखादा मासा उगाच दचके. बहुतेक वेळा एक-दोघेच त्याच्या मागे पळत आणि लाट तिथेच विरे. दिसणाऱ्या शेजाऱ्यांपैकी किती जण पळाले, यावर माशाचे पळणे अवलंबून असते. एकच पळाला तर तो बहुधा जागीच राहतो. पुष्कळ पळाले तर तोही पळतो. पण कधी कधी खोटी लाटही साऱ्या थव्यात पसरते.

मोहोळ का उठते?

वासाची बातमी मधमाश्यांतही असते. आग्या मोहोळाची एक माशी चावली की तिची नांगी आपल्या अंगात राहते. नांगीजवळून एक वास सुटतो. त्या वासावर बाकीच्या माश्या येतात आणि तिथेच डंख करतात. म्हणून हात झाडत उभे राहू नका. माशी अंगावर चिरडू नका. तोंड झाकून लांब पळा, घरात शिरा. मग नांगी लगेच नखाने खरवडून काढा. डंख पुष्कळ झाले किंवा धाप लागली, तर ताबडतोब दवाखाना गाठा.

माणसांचा थवा

गर्दीत माणसाचेही माशासारखे होते. २९ सप्टेंबर २०१७ हा दसऱ्याच्या आदला दिवस. मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या जिन्यावर सकाळी मोठी गर्दी होती. त्या स्टेशनाला आता प्रभादेवी म्हणतात. पाऊस आला म्हणून लोक पुलावर थांबून राहिले होते. कोणाची तरी फुले पडली. कोणी हिंदीत म्हणाले, फूल पडले. ते लोकांना पूल पडला असे ऐकू आले, असे पुढे सांगण्यात आले. चेंगराचेंगरीत २३ माणसे गेली. पूल मात्र जागच्या जागी उभा होता.

माशाला विचारता येत नाही. शेजारी पळाला, एवढेच त्याला कळते. आपल्याला तोंड आहे. गावात कोणी म्हणाले, बंधारा फुटला, मुले पळवणारे आले, तर आधी विचारा, “तू स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंस का? कुठं? केव्हा?” पाहिलेला माणूस सापडला, तर वेळ घालवू नका, इतरांना सावध करा. आणि पाहिलेला कोणीच सापडला नाही, तर ती बातमी आपल्यापाशीच थांबवा. लाट पुढे न्यायची की नाही, हे प्रत्येक शेजाऱ्याच्या हातात असते.