गिनीपिग, डक्ट आणि निळी बत्ती

पुणे-सोलापूर मार्गावर लोणी स्थानकातून जाणाऱ्या एसी डब्याच्या छताकडे सहसा कुणी पाहत नाही. खरा कारभार मात्र तिथेच चालतो. छतावरचं युनिट डब्यातली हवा ओढतं, तीत बाहेरची थोडी ताजी हवा मिसळतं, गार करतं आणि पुन्हा प्रवाशांच्या डोक्यावर सोडतं. विषाणू मारणारा अतिनील दिवा बसवायचा तर तो याच वाटेवर. चंदीगडच्या सीएसआयओ या सरकारी संस्थेने करोनाकाळात हवेच्या डक्टमध्ये (नळमार्गात) बसणारी यूव्ही-सी, म्हणजे अतिनील किरणांची यंत्रणा तयार केली. 2021 मध्ये ती संसदेच्या सेंट्रल हॉलसाठी निवडली गेली आणि रेल्वेच्या डब्यांसाठीही तिचा विचार झाला.

 

या दिव्यांमागचा इतिहास थोडक्यात असा: उन्हाने जिवाणू मरतात हे 1877 मध्ये डाउन्स आणि ब्लंट यांनी दाखवलं. प्रकाशाने त्वचेचा क्षय बरा करणाऱ्या फिन्सेनला 1903 मध्ये नोबेल मिळालं.

खरी मौज आहे अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये. क्षयरोग हवेतून पसरतो, हे संशोधक विल्यम वेल्सचं म्हणणं पन्नासच्या दशकातही अनेक डॉक्टरांना पटत नव्हतं. त्याचा शिष्य रिचर्ड रायली याने माजी सैनिकांच्या रुग्णालयात क्षयरोग्यांचा सहा खाटांचा वॉर्ड घेतला आणि तिथली हवा डक्टमधून वरच्या मजल्यावरच्या गिनीपिगांच्या पिंजऱ्यांपर्यंत नेली. रुग्ण खाली, गिनीपिग वर. दोघांत दुवा फक्त हवेचा. तरीही गिनीपिगांना क्षय झाला. मग गिनीपिगांच्या दुसऱ्या कोठीकडे जाणाऱ्या हवेवर अतिनील प्रकाश सोडला. तिथे एकालाही लागण झाली नाही! या विषयातला इतका देखणा प्रयोग दुसरा नाही.

वेल्सच्या दिव्यांचा शाळांतला अनुभव मात्र संमिश्र. फिलाडेल्फियाच्या शाळांत 1941 च्या गोवराच्या साथीत दिव्यांचा चांगला उपयोग झाला. पुढे न्यूयॉर्क राज्यातल्या खेड्यांत तसा गुण आला नाही. तिथली मुलं बसमध्येही खेटून बसत, आणि बसमध्ये दिवा कुठला?

या अतिनील दिव्यातून मुख्यतः 254 नॅनोमीटरचे किरण निघतात. ते विषाणूच्या जनुकीय धाग्यातच बिघाड करतात, त्यामुळे त्याची पुढची नक्कल निघत नाही. अडचण वेळेची. डक्टमध्ये हवा सेकंदाला अडीच मीटर वेगाने धावत असेल आणि दिव्याचा पट्टा अर्धा मीटरच असेल, तर विषाणूवर प्रकाश पडतो जेमतेम 0.2 सेकंद. म्हणून दिवे दमदार लागतात. कूलिंग कॉइलपाशी बसवले तर तिथली बुरशीही मरते. पण जवळचे प्लॅस्टिकचे फिल्टर आणि वायरींचं आवरण याच किरणांनी कालांतराने ठिसूळ होतं.

रेल्वेबाहेर, लोणी स्थानकाजवळच्या लोणी काळभोरमधल्या एखाद्या क्लासमध्ये किंवा दवाखान्यात असतो तो स्प्लिट एसी. त्याला डक्टच नाही. खोलीतली हवा खोलीतच फिरते. तिथे ‘डक्टचा दिवा’ विकायला येणाऱ्याला सरळ परत पाठवावं. खिडकी उघडणं स्वस्त पडतं. ते जमत नसेल तर छताजवळ, माणसांच्या डोक्याच्या वर प्रकाश राहील असे दिवे बसवता येतात. डोळ्यांवर हे किरण पडले, तर वेल्डिंगवाल्यांना होतो तसा जळजळीचा त्रास होतो. डक्टचा दरवाजा उघडताच दिवा विझवणारा स्विच म्हणूनच हवा. आणखी एक: साधारण 9,000 तासांनंतर, म्हणजे सतत चालला तर वर्षभरात, दिव्याचा जोर उतरतो. निळा उजेड मात्र तसाच दिसत राहतो, त्यामुळे बदलण्याची तारीख डक्टच्या पत्र्यावरच लिहून ठेवलेली बरी.