मास्टर टेप कोणाच्या कपाटात?

हिप हॉप म्हटलं की आपल्या कॅम्पसवर दोनच प्रकार दिसतात. एक म्हणजे "काय ती बडबड, ह्याला गाणं म्हणायचं का?" (हा आवाज बहुधा स्टाफ क्वार्टर्सकडून येतो.) दुसरा म्हणजे उलटी टोपी, गळ्यात साखळी आणि रात्री दीड वाजता फुल्ल व्हॉल्यूमवर स्पीकर. (हा कुठल्या विंगमधून येतो ते रेक्टर सरांना चांगलं ठाऊक आहे.) दोन्ही पार्ट्यांची माफी मागून मला इथे वेगळ्याच गोष्टीबद्दल लिहायचंय. या संगीतात 'आपलं आपण करायची' जी खुमखुमी आहे तिच्याबद्दल, आणि त्या खुमखुमीतून जन्मलेल्या गाण्याची मालकी शेवटी कोणाकडे जाते त्या हिशेबाबद्दल. घाबरू नका, फूरियर येणार नाही. नायक्विस्ट मात्र येईल.

सुरुवात न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातली. ११ ऑगस्ट १९७३ रोजी १५२०, सेजविक अव्हेन्यू या बिल्डिंगच्या हॉलमध्ये सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीने एक पार्टी ठेवली. शाळा सुरू होण्याआधी नवे कपडे घ्यायला पैसे हवेत, एवढाच हेतू. तिकीट मुलींना २५ सेंट, मुलांना ५० सेंट. रेकॉर्ड वाजवायला तिचा भाऊ क्लाइव्ह, म्हणजे डीजे कूल हर्क. गाण्यात जिथे बाकीची वाद्यं थांबून नुसते ड्रम्स उरतात, तिथे पब्लिक सगळ्यात जास्त नाचतं हे त्याने हेरलं होतं. पण तो तुकडा चालणार काही सेकंद. मग हर्कने काय करावं? एकाच रेकॉर्डच्या दोन कॉप्या दोन टर्नटेबलवर लावल्या. एकीवरचा तुकडा संपला की दुसरीवर तोच चालू, तोवर पहिली मागे. झाला लूप!

याला इंजिनियरिंग आणलं ते जोसेफ सॅडलर ऊर्फ ग्रँडमास्टर फ्लॅशने. हा आपल्यातलाच माणूस. व्होकेशनल हायस्कूलमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला. दुसऱ्या रेकॉर्डवरचा तुकडा पब्लिकला ऐकू न जाता हेडफोनवर आधी ऐकता आला पाहिजे, म्हणून त्याने सिंगल पोल डबल थ्रो स्विच वापरून स्वतःच सर्किट जोडलं. रेकॉर्ड नेमका कितवा फेरा मागे न्यायचा हे दिसावं म्हणून तिच्यावर खडूने खुणा केल्या. टर्नटेबलवरचं रबर फार पकडून ठेवतं, म्हणून त्याजागी फेल्टची चकती कापून, स्टार्च मारून कडक केली. आपल्या बेसिक इलेक्ट्रॉनिक्स लॅबमध्ये तो स्विच आजही मिळतो. आपण त्याचं फक्त सर्किट डायग्राम काढतो, हा भाग वेगळा.

(इथे कोणाला शाहिरी नाहीतर तमाशातला सवाल-जवाब आठवेल. साम्य आहे, नातं नाही. उगाच ओढूनताणून जोडू नये.)

तर इथपर्यंत मालकीचा प्रश्नच नव्हता, कारण विकायला काही नव्हतंच. प्रश्न आला १९७९ मध्ये, 'रॅपर्स डिलाइट' या रेकॉर्डबरोबर. जगभर गाजलेली ही पहिली रॅप रेकॉर्ड. शुगरहिल गँग म्हणजे तीन मुलांना एकत्र करून कंपनीने बनवलेला ग्रुप. त्यातला बिग बँक हँक पिझ्झाच्या दुकानात कामाला होता. त्याने ग्रँडमास्टर कॅझ या ब्राँक्समधल्या खऱ्याखुऱ्या रॅपरची वही मागून घेतली आणि त्यातल्या ओळी रेकॉर्डवर म्हटल्या. आता ऐका गंमत. त्या ओळींत कॅझने आपलं स्वतःचं टोपणनाव एकेक अक्षर सुटं करून घातलं होतं, हँकने तेही तसंच म्हटलं! सबमिशनच्या आदल्या रात्री मित्राची जर्नल छापताना रोल नंबरसकट छापणारे महाभाग आपल्याकडेही आहेत, पण इथे रेकॉर्ड लाखांनी खपली आणि कॅझला ना श्रेय मिळालं ना पैसा.

हे समजायला मधे थोडी थिअरी लागेल. एका गाण्यात दोन मालमत्ता असतात. एक म्हणजे शब्द आणि चाल. दुसरी म्हणजे त्याचं प्रत्यक्ष रेकॉर्डिंग, ज्याला मास्टर म्हणतात. पूर्वी ती खरोखरच टेप असायची आणि कंपनीच्या कपाटात राहायची. नेहमीच्या करारात कंपनी कलाकाराला आगाऊ रक्कम देते, स्टुडिओचं भाडं भरते, व्हिडिओ काढते. कलाकाराला वाटतं, मिळाले पैसे! पण हे सगळं पुढे त्याच्याच रॉयल्टीतून वळतं करून घेतात.

समजा आगाऊ रक्कम धरून एकूण खर्च ३ लाख डॉलर, कलाकाराची रॉयल्टी दर कॉपीला १ डॉलर, आणि कंपनीच्या हातात दर कॉपीमागे येतात ५ डॉलर. (आकडे माझे, गणित खरं.) ३ लाख कॉप्या खपल्या. कंपनीकडे आले १५ लाख, खर्च गेला ३ लाख, उरले १२ लाख. कलाकाराची ३ लाख रॉयल्टी खर्चात वळती झाली, म्हणजे सुरुवातीच्या आगाऊ रकमेनंतर त्याच्या हातात शून्य. बरं, खर्च फिटला म्हणून मास्टर त्याची झाली का? नाही. कर्ज फिटलं तरी घर बँकेच्याच नावावर राहावं, असला हा प्रकार. पोस्टरवर फोटो असलेला माणूस घरभाडं थकवतो तो असा.

याच्यावर तोडगा निघाला कॅलिफोर्नियातल्या ओकलंड भागात. टू शॉर्ट नावाचा रॅपर १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला शाळकरी पोरगा असताना मित्राबरोबर घरीच कॅसेट भरायचा. गिऱ्हाईक सांगेल त्याच्या नावाने रॅप करून द्यायचा आणि हातोहात विकायचा. पुढे स्वतःच्या रेकॉर्ड गाडीच्या डिकीतून विकल्या. मोठी कंपनी त्याच्याकडे आली तेव्हा त्याचा धंदा आधीच चालू होता, आणि चालू धंदेवाल्याशी बोलायची भाषा वेगळी असते. न्यू ऑर्लिन्सचा मास्टर पी याने तर आजोबांच्या मृत्यूनंतर भरपाईपोटी मिळालेल्या १०,००० डॉलरमध्ये कॅलिफोर्नियातल्या रिचमंडला रेकॉर्डचं दुकान टाकलं, त्याचीच पुढे नो लिमिट कंपनी झाली. १९९६ मध्ये त्याने प्रायॉरिटी रेकॉर्ड्सशी करार केला तो फक्त वितरणाचा. माल त्यांनी दुकानात पोचवायचा आणि आपला वाटा घ्यायचा. मास्टर आणि उत्पन्नाचा मोठा हिस्सा पी कडे.

माझा स्वतःचा लाडका करार मात्र वू-टँग क्लॅनचा. आरझा आणि त्याचा नात्यातला भाऊ जिझा, दोघांनी १९९१ मध्ये कंपन्यांकडे एकेकटं नशीब आजमावून पाहिलं होतं आणि हात पोळून घेतले होते. मग आरझाने स्टेटन आयलंडची पोरं जमवली आणि सांगितलं, पाच वर्षं माझं ऐका. १९९२ मध्ये पहिली रेकॉर्ड स्वतःच काढली. लाऊड रेकॉर्ड्सबरोबर करार करताना अट अशी घातली की ग्रुप तुमचा, पण प्रत्येक मेंबर एकट्याने कुठेही जायला मोकळा. १९९३ मध्ये ग्रुपचा पहिला अल्बम आला आणि मागोमाग मेथड मॅन डेफ जॅममध्ये, ओल डर्टी बास्टर्ड इलेक्ट्रामध्ये, जिझा गेफनमध्ये. एकमेकांच्या स्पर्धक कंपन्या वू-टँगच्या जाहिरातीवर पैसे खर्च करताहेत! प्लेसमेंट सेलने यावर विचार करावा.

आता नायक्विस्ट. ई अँड टीसी वाल्यांनो, जागे व्हा. १९८७ मध्ये एसपी-१२०० नावाचं सॅम्पलर मशीन आलं. १२ बिट, सॅम्पलिंग २६.०४ किलोहर्ट्झ, आणि सगळी मेमरी मिळून फक्त १० सेकंद. म्हणजे १३ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं गायब. मग मुलांनी जुगाड केला. ३३⅓ ची रेकॉर्ड ४५ वर पळवून सॅम्पल घ्यायची आणि मशीनमध्ये पुन्हा हळू करायची. १.३५ पट वेग, म्हणजे १० सेकंदांत मावला साडेतेरा सेकंदांचा माल. त्यात आवाज खरबरीत व्हायचा. आपल्या पेपरात त्याला डिस्टॉर्शन म्हणून मार्क कापतील. पीट रॉकसारख्यांनी त्याच खरबरीतपणाची सही केली, आणि आता सॉफ्टवेअरवाले तो आवाज मुद्दाम पैसे घेऊन विकतात.

पण सॅम्पलिंगने मालकीचा गुंताही वाढवला. डे ला सोल या ग्रुपचा १९८९ चा पहिला अल्बम कितीतरी तुकड्यांतून विणलेला. जुन्या करारांत इंटरनेटचा उल्लेख नव्हता, आणि मास्टर कंपनीकडे. परिणाम काय? त्यांचे सुरुवातीचे अल्बम ३ मार्च २०२३ पर्यंत स्ट्रीमिंगवर आलेच नाहीत. आले त्याच्या काही आठवडे आधी त्यांच्यातला डेव्ह वारला. स्वतःचंच गाणं नव्या पिढीला ऐकवायला तीस-चाळीस वर्षांनी दुसऱ्याची परवानगी लागते, ही गोष्ट मला अजूनही पचत नाही.

दुसऱ्या टोकाला नवीन पोरं. लॉस एंजेलिसच्या निप्सी हसलने २०१३ मध्ये 'क्रेन्शॉ' फुकट ऐकायला ठेवला आणि त्याच्याच १,००० छापील कॉप्या प्रत्येकी १०० डॉलरला काढल्या. जे-झीने एकट्याने १०० घेतल्या. निप्सीचं आपल्याच वस्तीत कपड्यांचं दुकान होतं. त्या दुकानासमोरच ३१ मार्च २०१९ ला त्याला गोळ्या घातल्या. वय ३३. शिकागोच्या चान्स द रॅपरने कंपनीशिवाय काढलेल्या 'कलरिंग बुक'ला २०१७ मध्ये ग्रॅमी मिळालं. पण त्याच अल्बमच्या दोन आठवड्यांच्या खास हक्कासाठी ॲपलने पाच लाख डॉलर दिले होते, हे त्याने स्वतःच नंतर सांगितलं. मग तो स्वतंत्र की नाही? माझ्या मते स्वतंत्रच. कोणाचाही आधार न घेणं हा स्वातंत्र्याचा अर्थ घेतला तर मास्टर पी सुद्धा नापास. आधार कोणाचा, किती दिवस आणि कशाच्या बदल्यात, हे स्वतः ठरवता आलं की झालं.

मुंबईत हे वारं आलं ते असंच. कुर्ल्याच्या नेझीने २०१४ च्या 'आफत'चं रेकॉर्डिंग आणि शूटिंग आयपॅडवर केलं. अंधेरीचा डिव्हाइन आधी एकटा, मग मोठ्या कंपनीत आणि २०१९ मध्ये स्वतःची गली गँग. स्वदेशी या ग्रुपने त्याच वर्षी आरेच्या प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन 'वारली रिव्होल्ट' केलं. कुठली कंपनी आपणहून म्हणाली असती की आदिवासी पाड्यांच्या जमिनीवर गाणं करा?

आणि हे सगळं आत्ता लिहायचं कारण म्हणजे आमच्या विंगमधल्या एका रॅपरला (नाव लिहिलं तर मेसमध्ये ताट ओढून घेईल) मध्यंतरी एका कंपनीकडून सात पानी कागद आला. सही करून दोन दिवसांत पाठवा म्हणे! आम्ही चौघांनी तो पीएलमध्ये वाचला, त्या सेमला वाचलेली सगळ्यात अवघड गोष्ट. चौथ्या पानावर मास्टर कायमची त्यांची, पुढची तीन वर्षं जे काही रेकॉर्ड करशील तेही त्यांचं. त्याने अजून सही केलेली नाही.

म्हणून थोडा कायदा, बाकीच्यांना उपयोगी पडेल. आपल्या कॉपीराइट कायद्यात रेकॉर्डिंगचा पहिला मालक त्याचा निर्माता, म्हणजे ज्याने पुढाकार आणि जबाबदारी घेऊन ते करवलं तो. रूमवर गादी उभी करून स्वतःच रेकॉर्ड केलंत तर निर्माता तुम्हीच, सही करून देईपर्यंत. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच 'कायमस्वरूपी' आणि 'संपूर्ण जगात' हे शब्द ते लोक न विसरता घालतात, तिथे पेन्सिलने गोल करा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला हक्क करारात लिहून काढून घेता येत नाही, तो फक्त वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो. तेव्हा शब्द तुमचे असतील तर आयपीआरएसचं सभासदत्व आधी घ्या. कागद कळला नाही तर गावातल्या लॉ कॉलेजच्या विधी सेवा केंद्रात दाखवा, आणि 'दोन दिवसांत' म्हणणाऱ्याला सांगा, परीक्षा चालू आहे.